रात्री दोन वाजता कुठे न्यायचं?

पावसाळ्यात या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांचं मूळ एकच आहे: आजारी माणसाला नेमकं कुठे न्यायचं? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे, नर्सिंग होममध्ये, महापालिकेच्या रुग्णालयात की थेट परळच्या केईएमला? लोक इमारत बघून ठरवतात किंवा आजाराचं नाव ऐकून ठरवतात. दोन्ही वेळा फसगत होते. पुढच्या सहा तासांत या माणसाला काय काय लागू शकतं आणि ते तिथे त्या वेळी खरोखर मिळतं का, एवढंच बघायचं असतं. निवडक पत्रांची उत्तरं खाली देत आहोत.

माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत, बारा वर्षं मधुमेह आहे. मागच्या महिन्यात रात्री छातीवर दडपण आलं, दरदरून घाम फुटला. गॅस समजून सोडा प्यायले, अर्ध्या तासाने बरं वाटलं. पुन्हा असं झालं तर पाच मिनिटांवरच्या नर्सिंग होममध्ये न्यावं की पंचवीस मिनिटांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात? (एक वाचक, भांडुप)

आधी मागच्या महिन्याचं बघू. बरं वाटलं म्हणून विषय संपला, असं धरू नका. आराम केल्यावर थांबणारं दडपण ही मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते. याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यांना ‘गॅस झाला होता’ असं सांगू नका. ‘इतकी मिनिटं दडपण होतं, घाम आला, बसल्यावर थांबलं’ असं सांगा. निदान डॉक्टरांना करू द्या.

आता तुमचा प्रश्न. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली असेल तर दोन उपाय असतात. एक, अँजिओप्लास्टी करून ती उघडणं. रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत ती व्हावी असं धरलं जातं. दुसरा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. अँजिओप्लास्टी दोन तासांत होण्यासारखी नसेल तर ते द्यायचं आणि रुग्ण आल्यापासून अर्ध्या तासात द्यायचं. पहिल्या तीन तासांत त्याचा उपयोग सर्वाधिक, पुढे तो घसरत जातो. पहिल्या उपायाला कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खास खोली, आणि तिथली माणसं लागतात. दुसऱ्याला ईसीजी वाचता येणारा डॉक्टर, ते इंजेक्शन आणि मॉनिटर लागतो. तुमच्या नर्सिंग होममध्ये यांतलं काय आहे, हे रात्री दोन वाजता शोधायची वेळ येऊ नये.

म्हणून उद्या दुपारी दोन्ही ठिकाणी फोन करा. मोठ्या हॉस्पिटलला विचारा: ‘कॅथलॅब चोवीस तास चालू असते का, आणि रात्री बोलावल्यावर टीम किती मिनिटांत पोहोचते?’ पाटीवर ‘२४ तास’ लिहिलेलं असलं तरी काही ठिकाणी त्याचा अर्थ ‘फोन केल्यावर येतात’ एवढाच असतो. नर्सिंग होमला विचारा: ‘रात्री ईसीजी कोण वाचतं? गुठळीचं इंजेक्शन तुमच्याकडे ठेवलेलं असतं का, की केमिस्टकडून आणावं लागतं?’ उत्तर देताना अडखळले तर तेच तुमचं उत्तर. रात्रपाळीला असलेला निवासी डॉक्टर (आरएमओ) अनेकदा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. तो तापाचं सलाईन नीट चालवेल, पण हृदयविकाराच्या पहिल्या तासात निर्णय घेणारा माणूस वेगळा लागतो.

कॅथलॅब खरोखर चोवीस तास चालू असेल तर मधे कुठेही न थांबता पंचवीस मिनिटं जा. रात्री रस्ता मोकळा असतो. संध्याकाळी सात वाजता एलबीएस मार्गावर त्याच पंचवीसचे सत्तर होऊ शकतात, तेव्हा हिशेब उलटतो. मग ज्या जवळच्या ठिकाणी ईसीजी आणि इंजेक्शन दोन्ही मिळतं तिथे जा आणि तिथून पुढे हलवा. महापालिकेच्या केईएम, सायन, नायर आणि सरकारी जेजे या चारही ठिकाणी हृदयरोग विभाग आहेत, त्यामुळे खिसा हलका असला तरी दार आहे.

घरात त्या वेळी करायचं ते असं. १०८ ला फोन करा. हृदयाचा त्रास आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा, म्हणजे व्हेंटिलेटर आणि शॉकचं यंत्र असलेली गाडी मागता येते. ती मोफत असते. गाडीला वेळ लागणार असेल तर टॅक्सी करा, पण रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही आणि जिना उतरायचा नाही. दोघांनी खुर्चीत बसवून उतरवा. वॉचमनला सांगून लिफ्ट तळाला धरून ठेवा आणि गेट उघडं ठेवा. इमारतीच्या दारात उभ्या केलेल्या मोटारसायकलींपुढे स्ट्रेचर अडतं आणि दहा मिनिटं तिथेच जातात. ॲस्पिरिनची ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या. ॲलर्जी किंवा पोटात रक्तस्रावाचा अल्सर असेल तर नको. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र शेजाऱ्याच्या डब्यातून घेऊन देऊ नका. रक्तदाब आधीच खाली आलेला असेल, किंवा रुग्णाने लैंगिक क्षमतेची गोळी घेतलेली असेल, तर ती जीवावर बेतू शकते.

मधुमेही माणसाला छातीत दुखेलच असं नाही. नुसता घाम, धाप, जबड्यात किंवा दोन्ही हातांत जडपणा, एवढ्यावरही निघायचं. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी घरी परतू नका. त्रास चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी तो पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा करतात.

जुना ईसीजी बरोबर असला तर डॉक्टरांचं काम सोपं होतं. आज दिसणारा बदल नवा की जुनाच, हे त्यावरून कळतं. पण ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, दोन-चार वर्षांत तो फिका पडतो. काही मंडळी जपून ठेवायचा म्हणून तो लॅमिनेट करून घेतात आणि यंत्राच्या उष्णतेने तो सबंध काळा पडतो. साधी झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये फोटो ठेवा.

ॲस्पिरिनचा नियम लकव्याला लावू नका. तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोबडं बोलणं दिसलं तर ॲस्पिरिन द्यायची नाही, कारण मेंदूत रक्तस्राव असू शकतो आणि सीटी स्कॅनशिवाय ते कळत नाही. तिथे जागा ठरते ती ‘सीटी चोवीस तास चालू आणि न्यूरोचा डॉक्टर हाकेवर’ या कसोटीवर. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची मुदत साडेचार तास असते आणि ती रुग्ण शेवटचा ठीक दिसला त्या क्षणापासून मोजतात. सकाळी सहाला उठल्यावर लक्षात आलं पण रात्री अकराला तो ठीक होता, तर घड्याळ अकरापासून चालू आहे. तरीही न्या. काही रुग्णांत मेंदूतली गुठळी तारेने काढण्याचा उपाय चोवीस तासांपर्यंत करता येतो.

मुलगा २४ वर्षांचा. चार दिवस ताप, डेंग्यू निघाला. प्लेटलेट ९२ हजार. आमचे डॉक्टर म्हणतात घरीच राहू दे. नातेवाईक म्हणतात, तातडीने मोठ्या हॉस्पिटलात टाका. (एक वाचक, चेंबूर)

डॉक्टरांचं ऐका, पण काय बघायचं ते माहीत करून घ्या. डेंग्यूत घात करतो तो प्लेटलेटचा आकडा नसतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त घट्ट होतं आणि रक्तदाब कोसळतो, खरा धोका तो. म्हणून सीबीसी या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेटबरोबर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय, हा आकडाही बघा. प्लेटलेट उतरताहेत आणि हिमॅटोक्रिट चढतोय, ही जोडी वाईट. हे होतं साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि नेमकं ताप उतरल्यावर. ताप गेला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि तेव्हाच पुढचे ४८ तास सांभाळायचे असतात.

पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्या किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणं, उठून बसवलं की भोवळ, वेड्यासारखी अस्वस्थता किंवा गुंगी, सहा तासांत लघवी न होणं. यांतलं एक जरी दिसलं तरी आकडा काहीही असो, ॲडमिट करा. गर्भवती, तान्हं मूल, वृद्ध, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण यांच्या बाबतीत डॉक्टर लवकर ॲडमिट करतात, ते बरोबरच आहे. तुमच्या मुलाला यांतलं काही नसेल, तो पीत असेल आणि दर चार-सहा तासांनी लघवी होत असेल, तर घर ही योग्य जागा आहे.

घरी दिवसभरात अडीच-तीन लिटर पातळ पदार्थ द्यायचे: ओआरएस, पेज, ताक, नारळपाणी. ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरसाठी असतं. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ओतलं तर पाणी इतकं खारट होतं की उलट्या वाढतात. तापाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांत निदान सहा तास. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन अजिबात नको. स्टेंटसाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाने ती बंद न करता डॉक्टरांना विचारावं. पपईच्या पानांचा रस पाजायचा असेल तर निदान त्याने उलटी होत नाही ना हे बघा. रोज सीबीसी करा, शक्यतो एकाच लॅबमध्ये.

ॲडमिट करायची वेळ आली तर नर्सिंग होमही चालतं, अट एवढीच की दिवसातून दोनदा सीबीसी आणि रात्री दर दोन-तीन तासांनी बीपीची नोंद होते का हे आधी विचारायचं. प्लेटलेट चढवायची घाई करणारं ठिकाण टाळा. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय त्या लागत नाहीत. महापालिकेच्या राजावाडी, भाभा, कूपरसारख्या रुग्णालयांत पावसाळ्यात डेंग्यू आणि मलेरियाचे रुग्ण रोज दाखल होतात, आणि संसर्गजन्य आजारांसाठी कस्तुरबा आहेच. या आजारात नुसत्या एसी रूमपेक्षा जागरूक परिचारिका महत्त्वाची.

एक तपासायचं राहिलं नाही ना ते बघा. डेंग्यू निघाला तरी मलेरियाची तपासणी झाली आहे का? मुंबईत दोन्ही एकत्र असू शकतात. तुंबलेल्या पाण्यातून चालत आला असेल तर डॉक्टरांना ते सांगा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) शंका त्यावरून येते. डोळे लाल, पोटऱ्या ठणकणं, कावीळ, लघवी कमी होणं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय.

सासूबाईंना गुडघेदुखी आणि बीपी. सगळे म्हणतात सरळ केईएमला जा, तिथे सगळं मिळतं. (एक वाचक, लालबाग)

मिळतं, पण या कामासाठी केईएमला जाणं म्हणजे चहा प्यायला ताजला जाण्यासारखं आहे. वेळ मोजायची तयारी असेल तर जा. महापालिकेच्या व्यवस्थेला पायऱ्या आहेत. तळाला दवाखाने आणि ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’, वर उपनगरीय रुग्णालयं आणि प्रसूतिगृहं, त्याही वर केईएम, सायन, नायर, कूपर ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं. बीपीच्या गोळ्या, साखर तपासणं, लसीकरण, टीबीची थुंकी तपासणी, हे सगळं खालच्या पायरीचं काम आहे. ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही उघडा असतो, तिथे १४७ प्रकारच्या रक्ततपासण्या मोफत होतात, आणि काही पॉलिक्लिनिकमध्ये विशेषज्ञही ठरावीक वेळी बसतात.

तिथल्या डॉक्टरांना वाटलं की हे आपल्या हातचं नाही, तर चिठ्ठी घेऊन वर जा. ती चिठ्ठी म्हणजे निव्वळ कागद नव्हे. आधी काय दिलं, कशाने उतरलं नाही, हे तिच्यात असतं आणि मोठ्या ओपीडीत डॉक्टरला जी पाच मिनिटं मिळतात ती त्यामुळे वाया जात नाहीत.

मोठ्या रुग्णालयात गेलातच तर दोन गोष्टी. केसपेपर सकाळी निघतात. अकरा वाजता पोहोचणारा माणूस रांग बघून परत येतो. आणि तिथे प्रत्येक विभागात युनिटं असतात, प्रत्येकाचे ओपीडीचे वार ठरलेले. मंगळवारी ज्या युनिटने पाहिलं त्यांना शुक्रवारी भेटायला गेलात तर दुसरं युनिट बसलेलं असतं आणि सगळी कथा पुन्हा पहिल्यापासून. पहिल्याच दिवशी केसपेपरवर युनिट आणि वार ठळक लिहून घ्या. जुने कागद तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा वर. एक्स-रे पिशवीत गुंडाळी करून नेऊ नका.

घरच्या मशीनवर रात्री बीपी १८४/१०६ आलं. आयसीयूत न्यायला हवं होतं का? (एक वाचक, दहिसर)

त्रास काही नव्हता ना? मग नाही. छातीत दुखणं, धाप, अंधुक दिसणं, गोंधळ, असह्य डोकेदुखी, एखादा हातपाय लुळा पडणं, यांतलं काही असेल तर लगेच निघायचं. नसेल तर लघवीला जाऊन या, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं न बोलता बसा, पट्टा हृदयाच्या उंचीवर ठेवा आणि एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा फुगतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जा आणि गोळी चुकली होती का हे आठवून सांगा. जिभेखाली कॅप्सूल फोडून बीपी झटकन उतरवण्याची जुनी पद्धत घातक आहे. गर्भवतीचा हिशेब निराळा: १४०/९० ला त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० ला ताबडतोब प्रसूतीची सोय असलेलं रुग्णालय.

गल्लीतल्या कुत्र्याने मुलीच्या पोटरीला ओरखडा काढला, थोडं रक्त आलं. फॅमिली डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. एवढं पुरे का? (एक वाचक, कांदिवली)

नाही. आजच निघा. रक्त आलं म्हणजे तिसऱ्या वर्गाची जखम, तिला लस आणि जखमेत भरायचं अँटिरेबीज सीरम अशा दोन्ही गोष्टी लागतात. लस महापालिकेच्या दवाखान्यांतही मिळते. सीरम सगळीकडे नसतं, त्यासाठी रुग्णालयात जावं लागतं. लस आधी सुरू झाली असली तरी सीरम पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत देता येतं, नंतर उपयोग नाही. दंडात घ्यायची लस ०, ३, ७, १४, २८ या दिवसांना असते. कातडीत देतात ती ०, ३, ७, २८ ला. कुत्रा दहा दिवस जगतो का हे बघत लस लांबवू नका. आणि पुढच्या वेळेसाठी: पहिलं काम नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुणं. हळद, चुना, मिरचीपूड काही नको, टाकेही लगेच घालायचे नसतात.

आई नर्सिंग होमच्या आयसीयूत आठ दिवस आहे, ऑक्सिजनवर. पैसे संपत आले. दुसरीकडे हलवायचंय, पण ते म्हणतात ‘स्वतःच्या जबाबदारीवर न्या’ आणि सही मागतात. (एक वाचक, कुर्ला)

सही करायच्या आधी दोन शब्दांतला फरक समजून घ्या. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’ ही एक गोष्ट आणि ‘अन्य रुग्णालयात स्थलांतर’ ही दुसरी. तुम्ही आईला घरी नेत नाही आहात. पैशाअभावी पुढच्या उपचारांसाठी दुसरीकडे नेताय, तसं लेखी मागा. सोबत सविस्तर समरी हवी: निदान, आत्ता चालू असलेली औषधं आणि त्यांचे डोस, शेवटच्या डोसची वेळ, किती लिटर ऑक्सिजनवर किती सॅच्युरेशन, रक्ताचे रिपोर्ट, स्कॅनची सीडी. नुसता ‘पेशंट स्टेबल’ असा कागद घेऊन निघू नका.

बेड मिळाल्याशिवाय रुग्ण हलवायचा नाही. हे सांगायला नको असं वाटतं, पण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. लोक ॲम्ब्युलन्स करतात, पहिल्या ठिकाणी ‘आयसीयू फुल’, मग दुसरं, मग तिसरं, आणि गाडीतला सिलिंडर संपत येतो. घरातल्या एकाने समरी घेऊन आधी तिथे जायचं, ड्युटीवरच्या डॉक्टरांना दाखवायची, बेड आहे म्हणाले तर त्यांचं नाव, वॉर्ड आणि वेळ लिहून घ्यायची, नर्सिंग होमच्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं करून द्यायचं. मग गाडी.

ऑक्सिजनचा हिशेब स्वतः करा. लहान ‘बी टाइप’ सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १,५०० लिटर असतात. आई मिनिटाला १० लिटरवर असेल तर १५० मिनिटं, १५ वर असेल तर १०० मिनिटं. काट्यावर अर्धा दाखवत असेल तर त्याच्याही निम्मे. प्रवासाच्या अंदाजाच्या दुप्पट ऑक्सिजन गाडीत हवा, कारण कुर्ल्याहून सायन म्हणजे पंधरा मिनिटंही असू शकतात आणि पाऊण तासही. बीपी टिकवायची औषधं पंपावर चालू असतील किंवा व्हेंटिलेटर असेल तर साधी गाडी चालणार नाही, डॉक्टर असलेली कार्डिॲक ॲम्ब्युलन्स लागते. आणि त्या औषधांचा डोस रोज वाढत असेल तर आज हलवू नका, एक-दोन दिवस थांबा. ॲम्ब्युलन्सचं भाडं, प्रतीक्षेचे पैसे, डॉक्टरचे वेगळे पैसे आधी ठरवा.

पैशाचं. पहिला फोन १५५३८८ ला, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि आता पांढऱ्या रेशनकार्डधारकांनाही ते लागू आहे. पण योजना फक्त तिच्या यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांना चालते. तुमचं नर्सिंग होम यादीत नसेल तर तिथलं झालेलं बिल कुणी भरून देणार नाही. यादीतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन पहिल्याच दिवशी त्याला गाठा. मंजुरी उपचाराआधी घ्यायची असते, तातडीच्या रुग्णासाठी ती फोनवरूनही घेता येते. आई सत्तरीच्या पुढे असेल तर आयुष्मान वय वंदना कार्डाचं विचारा, त्याला उत्पन्नाची अट नाही.

दुसरा रस्ता धर्मादाय रुग्णालयांचा. मुंबईतली बरीच नावाजलेली खासगी रुग्णालयं सार्वजनिक विश्वस्त संस्था आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार, दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, बिलिंग काउंटरला नव्हे. काउंटरवरचा माणूस ‘खाटा भरल्यात’ एवढंच सांगेल. नकार लेखी मागा आणि वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा. लेखी मागितलं की खाट सापडते, असंही होतं. अर्ज रुग्ण दाखल होतानाच करायचा. बिल झाल्यावर सवलत मागणं म्हणजे नुसती विनवणी.

आणि हे लक्षात ठेवा: जीव धोक्यात असलेल्या रुग्णाला डिपॉझिटसाठी दारात थांबवता येत नाही. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी-खासगी सगळ्याच डॉक्टरांवर तातडीच्या उपचाराचं बंधन घातलं आहे. अपघाताची केस असली, पोलीस यायचे असले, तरीही.

बाबांचा कॅन्सर पसरलाय, डॉक्टर म्हणाले आता केमो नाही. दम लागला की आम्ही घाबरून ॲडमिट करतो, चार दिवसांनी घरी आणतो. हे असंच चालणार का? (एक वाचक, गिरगाव)

असंच चालायला नको. इथे वरची पायरी ही चुकीची पायरी आहे. आयसीयूत त्यांना नळ्या, एकांत आणि भेटीच्या वेळा मिळतील, दम मात्र तेवढाच राहील. त्यांना हवं आहे ते उपशामक, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, उपचारांचं पथक. ज्या रुग्णालयात कॅन्सरचे उपचार झाले तिथेच विचारा. टाटा मेमोरियलमध्ये त्याचा स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर रुग्णांसाठी चालतं.

दम आणि वेदना या दोन्हींवर मॉर्फिनच्या गोळ्या चालतात, अगदी थोड्या मात्रेने सुरुवात करून. ‘सवय लागेल’ या भीतीने घरचेच गोळी लपवतात आणि माणूस रात्रभर तळमळतो. मॉर्फिनबरोबर बद्धकोष्ठाचं औषध पहिल्या दिवसापासून लागतंच, ते लिहून दिलं नसेल तर मागून घ्या. दम लागला की उशा लावून बसतं करा, खिडकी उघडा, चेहऱ्यावर टेबलफॅनचा वारा द्या. ऑक्सिजन ९० च्या वर असेल तर सिलिंडरपेक्षा पंख्याचा उपयोग जास्त होतो. नेलपेंट लावलेल्या किंवा गार बोटावर ऑक्सिमीटर चुकीचा आकडा दाखवतो, हेही ध्यानात ठेवा.

घरीच ठेवायचं ठरलं तर आत्ताच एक डॉक्टर धरून ठेवा, जो दहा-पंधरा दिवसांनी येऊन त्यांना पाहील. घरी मृत्यू झाल्यास कारणाचा दाखला ४-अ नमुन्यात तोच देऊ शकतो, आणि त्याशिवाय स्मशानात नोंद होत नाही. ज्याने कधी पाहिलेलं नाही असा डॉक्टर पहाटे तीन वाजता सही करायला तयार होत नाही, मग पोलीस आणि शवविच्छेदनापर्यंत गोष्ट जाते. त्या डॉक्टरांना आजच विचारा: रात्री फोन केला तर याल का, आणि तुम्ही गावाला असाल तर तुमच्या जागी कोण?